म्हणजेबाई आणि शहाण्णवचा काटा

त्यांचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. पण ते ओळखपत्र कायम उलटं लटकलेलं असायचं, त्यामुळे कचेरीत नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून टोपणनावच माहीत व्हायचं. म्हणजेबाई.

कुणीही इंजिनिअर त्यांच्या टेबलाशी येऊन भराभरा काही सांगू लागला, की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे?" तो पुन्हा सांगायचा. बाई पुन्हा, "म्हणजे?" तिसऱ्या खेपेला तो एक तर चिडायचा नाहीतर खरं बोलायचा. बाईंना दोन्ही चालत. चिडलेला माणूससुद्धा रागाच्या भरात साध्या शब्दांत बोलतो, असा त्यांचा अनुभव.

काम म्हणाल तर पानं लिहिणं. त्यांची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवायची, जे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरची नाडी बघतं. तुमचा प्रोग्रॅम हळू का चालतो, प्रोसेसरचा वेळ नेमका कुठं जातो, कुठं तो राबतो आणि कुठं नुसता ताटकळतो, हे सगळं आकड्यांत मांडून दाखवायचं. आकडे दीडशेच्या वर. प्रत्येक आकड्याशेजारी एक छोटंसं प्रश्नचिन्ह. ते दाबलं की एक पान उघडायचं: हा आकडा कसला, कसा काढला, वाढला तर काय समजायचं. ती पानं बाईंची. अकरा वर्षांत दोनशे बारा पानं झाली होती आणि एकाही पानावर त्यांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. आधी बारा वर्षं त्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायच्या, तिथंही नाव कुठं असायचं? 'इस्त्री अंगात घातलेल्या कपड्यांवर फिरवू नये' हे वाक्य त्यांचंच. ते लिहायची वेळ का आली, हे विचारलं की त्या फक्त मान हलवायच्या.

बाईंचा एक नेम होता. जो आकडा स्वतःच्या हातानं मशीनवर काढून बघितला नाही, त्याच्याबद्दल एक ओळ लिहायची नाही. त्यासाठी टेबलाखाली एक जुनं मशीन ठेवलेलं, पाय लागून लागून एका बाजूनं चेपलेलं, आणि त्यात बाईंनी स्वतः लिहिलेले इवलेसे प्रोग्रॅम. एकेकाला एकेक खोड. 'धांदरट' पुढं काय येणार याचे अंदाज बांधायचा आणि दर वेळी तोंडावर पडायचा. 'विसराळू' एकेक वस्तू आणायला लांबच्या मेमरीत खेपा घालायचा. 'कामसू' मान खाली घालून गुणाकार करत बसायचा. आणि 'वाटबघ्या' काहीच करायचा नाही. कुठून तरी निरोप यायचा असायचा आणि तो येईपर्यंत हा सेकंदाला कोट्यवधी वेळा विचारत राहायचा, आलं का, आलं का, आलं का. इंजिनिअर लोक बाईंची थट्टा करायचे, आणि स्वतःचं काही अडलं की हळूच येऊन म्हणायचे, "बाई, जरा तुमचा विसराळू द्या की दोन दिवस."

तर त्या सोमवारी गोष्ट सुरू झाली.

नव्या आवृत्तीत एक मोठा काटा आला होता. पडद्याच्या मधोमध, ताटाएवढा गोल, शून्य ते शंभर. चाळिसापर्यंत लाल, सत्तरपर्यंत पिवळा, त्यापुढं हिरवागार. वर ठसठशीत अक्षरात: कार्यक्षमता. नव्वदच्या पुढं गेला की बाजूला 'उत्तम' अशी पाटीही उमटायची. दीडशे आकडे बघायला कुणाला सवड आहे, एकच काटा बघा आणि काय ते समजा, अशी कल्पना. काटा बनवणाऱ्याला सगळे मीटरवाला म्हणत. तिशी ओलांडलेला, हुशार, जेवताना सुद्धा रुमालावर आकृत्या काढणारा. दीड वर्ष त्यानं त्या काट्यात जीव ओतला होता. साहेब तर काट्यावर इतके खूश की लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही फोनवर त्याचं चित्र दाखवायचे.

गुरुवारी चार वाजता पानं बंद व्हायची होती. बंद म्हणजे प्रत्येक पानावर 'तपासलं' अशी खूण पडायची आणि मग त्यात कुणी बोट घालायचं नाही. ही खूण करायचा अधिकार एकट्या बाईंचा. शुक्रवारी एक बडं गिऱ्हाईक काटा बघायला येणार होतं.

बाईंनी सोमवारी सकाळी नेमाप्रमाणे आपली पलटण काट्यापुढं उभी केली. धांदरट आला, काटा अडतिसावर, लाल. ठीक. विसराळू एकोणीस. त्याहून ठीक. कामसू एकाहत्तर, हिरव्याच्या उंबऱ्यावर. बाईंना वाटलं, पोरानं काम चोख केलंय. मग वाटबघ्या सुरू केला आणि पाणी प्यायला बाटली उचलली. ती तोंडाला लागायच्या आत काटा सरसर वर चढला आणि शहाण्णववर जाऊन बसला. हिरवागार. शेजारी पाटी: उत्तम.

बाईंनी बाटली खाली ठेवली. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा लावला. शहाण्णव.

"अरे, इकडं ये जरा," त्यांनी पलीकडच्या रांगेत हाक मारली.

मीटरवाला आला, बघितलं, हसला. "वाटबघ्या होय! मग बरोबरच आहे, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा. प्रोसेसरचा एक ठोका पडतो. एका ठोक्यात जास्तीत जास्त चार सूचना पुऱ्या होऊ शकतात. चार पाट मांडलेत समजा. शंभरातले किती पाट भरले, ते काटा सांगतो. तुमच्या विसराळूचे पाट रिकामे राहतात. तो सामान आणायला गेलेला असतो ना. आणि हा वाटबघ्या जागचा हलत नाही. याचे सगळे पाट भरलेले."

"कशानं भरलेले?"

"सूचनांनी."

"कसल्या सूचना?"

"आलं का, आलं का," मीटरवाला म्हणाला आणि त्याचा आवाज जरा खाली आला. "पण बाई, सूचना ती सूचना. ती पुरी झाली. प्रोसेसरला काय कळणार ती कामाची का बिनकामाची? आकड्यात चूक नाही."

"चूक आहे असं मी म्हटलंच नाही. पण वर 'कार्यक्षमता' लिहिलंय, शेजारी 'उत्तम' लिहिलंय. वाचणाऱ्याला काय वाटेल? याच्याएवढा गुणी प्रोग्रॅम जगात नाही."

"असा प्रोग्रॅम लिहितं कोण, बाई? तुम्ही मुद्दाम वेडा माणूस आणून उभा केलात. शहाणी माणसं असलं काही करत नाहीत."

तो जरा फणकाऱ्यानंच गेला. त्याच्या जागी कुणालाही लागलं असतं. दीड वर्षाच्या लेकराला पहिल्याच भेटीत कुणी तिरळं म्हणावं, तसं झालं.

बाईंनी पान लिहायला घेतलं. नेहमी पहिली ओळ आकडा कसला ते सांगायची. या पानाची पहिली ओळ त्यांनी अशी लिहिली: 'हा काटा वर गेला म्हणजे तुमचं काम लवकर झालं असं नाही, आधी लागलेला वेळ बघा आणि मगच काटा बघा.' मग वाटबघ्याची हकीकत, मग चार पाट, मग बाकीचं.

मंगळवारी सकाळी साहेबांचं बोलावणं. साहेब वाईट नव्हते. रागावले तर स्वतःच्याच कुंडीतल्या रोपांना पाणी घालत बोलायचे. त्या दिवशी त्यांनी सगळ्या कुंड्या भिजवल्या.

"बाई, पान छान आहे. फक्त ती पहिली ओळ जरा चौदाव्या प्रकरणात टाकू."

"चौदाव्यात कोण जातं, साहेब? तिथं मीसुद्धा वर्षातून एकदा जाते."

"तेच म्हणतोय मी." साहेबांनी झारी खाली ठेवली. "अहो, गिऱ्हाईक दारात पाय ठेवतंय आणि आपणच पाटी लावतोय, जपून हं, आतला माल पारखून घ्या. आपणच आपली शोभा करायची?"

"मी इस्त्रीच्या पत्रकावर पहिली ओळ लिहायचे, टाकीत पाणी नसताना वाफेचं बटण दाबू नये. इस्त्र्या खपल्या की."

"इस्त्री वेगळी."

"इस्त्रीनं फार तर शर्ट जळतो."

साहेब हसले, पण मागे हटले नाहीत. "गुरुवारी चार वाजता ती ओळ काढून पान बंद करा. तुम्हाला खूण करायला जड जात असेल तर तसं सांगा. मी अधिकार दुसऱ्या कुणाकडे देतो, तात्पुरता. राग मानू नका."

राग बाईंना आलाच नाही. धास्ती वाटली. कारण तो अधिकार गेला की त्यांच्या हातात उरलं काय? कुणी सांगावं आणि यांनी टाइप करावं. आणि खूण करावी, तर त्याहून वाईट.

कारण हे एकदा झालं होतं. आठ वर्षांपूर्वी. तेव्हा त्या कुणाला 'म्हणजे?' विचारायच्या नाहीत. एका आकड्याबद्दल इंजिनिअरनं चिठ्ठीवर लिहून दिलं, एका सूचनेला सरासरी किती ठोके लागतात तो हा आकडा, कमी तितका चांगला. बाईंनी ते जसंच्या तसं पानावर उतरवलं. कुठल्याशा गावातल्या बसगाड्यांचं वेळापत्रक बनवणाऱ्या लोकांनी ते वाचलं आणि तीन महिने राबून तो आकडा तिनावरून एकावर आणला. कसा आणला? नकळत प्रोग्रॅममध्ये हलक्याफुलक्या, बिनकामाच्या सूचनांची भर पडत गेली, सरासरी खाली आली. आकडा सुंदर झाला आणि प्रोग्रॅम दीडपट रेंगाळला. रात्रीत नवं वेळापत्रक तयार होईना, आणि दोन दिवस त्या गावच्या बसथांब्यांवर सकाळी आदल्या दिवशीच्या वेळा झळकल्या. त्यांचं पत्र आलं, शिवी नाही, तक्रार नाही. 'तुमच्या पानावर लिहिलं होतं म्हणून केलं.' एवढंच. कचेरीतून गुळगुळीत उत्तर गेलं. पान कुणी लिहिलं होतं, हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. ते न सांगणं आठ वर्षं चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. घरात नवऱ्यालाही बोलल्या नव्हत्या. तो लिफ्टदुरुस्तीवाला, दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळून घरी यायचा, त्याला आणखी कशाला अधांतरी ठेवायचं.

मंगळवारी संध्याकाळी बाई नेहमीप्रमाणे लाँड्रीत गेल्या. लाँड्री नणंदेची, घराच्या खालच्याच गाळ्यात. नणंद नवऱ्याहून मोठी, त्यामुळे बाई त्यांना वन्सं म्हणायच्या आणि त्या बाईंना वहिनी म्हणून वर अगंतुगं करायच्या. प्रत्येक नवं पान पहिल्यांदा वन्संना वाचून दाखवायचं, हा बाईंचा दुसरा नेम. वन्संना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि न कळलेलं कळलं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

वन्सं वाफेच्या प्रेसवर पडदे दाबत होत्या. बाईंनी काउंटरवर कोपर टेकून पान वाचलं.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "हा जो कोण वाटबघ्या आहे, तो काम करत नाही."

"नाही."

"आणि काटा म्हणतो लई भारी."

"हो."

"मग काटा फेकून द्या."

"फेकता येत नाही, वन्सं. साहेबांचा लाडका आहे. आणि तसा खोटाही नाही तो. प्रोसेसर खरंच रिकामा नसतो."

"अगं, रिकामी तर मीही नसते!" वन्संनी प्रेसचा दांडा खाली दाबला, फुस्स करून वाफ आली. "सकाळपासून दांडा वरखाली करत राहिले तर घाम माझाही निथळेल. त्या खालच्या पाटावर कपडा ठेवला नाही तर काय दाबलं? वाफ?"

"तेच लिहिलंय मी."

"असेल. पण तू चार पाट आणि ठोके आणि काय काय सांगत बसलीस. माझ्या दारात येणारा माणूस मला एक तरी दिवस विचारतो का, ताई, तुमचं प्रेस आज किती वेळा वरखाली झालं? तो विचारतो, कधी मिळणार. सकाळी दिलेलं संध्याकाळी मिळालं तर मी चांगली, नाही मिळालं तर मी वाईट. तुमच्याकडे कुणी विचारत नाही का गं, कधी मिळणार?"

बाईंनी हातातलं पान काउंटरवर ठेवलं. वन्संनी पडद्याची घडी घातली, बाईंकडं बघितलं.

"काय गं? बोलले का काही वेडंवाकडं?"

"नाही. आमच्याकडे खरंच कुणी विचारत नाही."

"मग विचार तू. तोंड दिलंय ना देवानं. आणि ते टोक धर पडद्याचं, नुसती टेकून उभी राहू नकोस."

बुधवारी अकराला काचेच्या खोलीत शुक्रवारच्या प्रयोगाची तालीम होती. साहेब, मीटरवाला, विक्री विभागातले दोघं आणि टिपणं घ्यायला बाई. दाखवायला नेहमीचाच प्रोग्रॅम होता. पाचशे जुने फोटो घ्यायचे आणि त्यांच्यावरचे डाग पुसायचे. आत आठ कामकरी, प्रत्येकानं एकेक फोटो उचलायचा, पुसायचा, ठेवायचा.

"महिन्यापूर्वी हाच प्रोग्रॅम बावन्नवर होता," साहेब विक्रीवाल्यांना म्हणाले. "आपल्या मीटरवाल्यानं आपल्याच काट्याकडं बघून तो सुधारला. आता बघा."

फोटो सुरू झाले, काटा चढला, चौऱ्याण्णव. पाटी उमटली: उत्तम. विक्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीटरवाला खाली मान घालून हसला.

"आणि फोटो कधी मिळाले?" बाई म्हणाल्या.

"काय?"

"पाचशे फोटो पुसून हातात कधी आले? किती सेकंदात?"

सगळे काटा बघत होते. मीटरवाल्यानं खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरातली नोंद उघडली. "सतरा."

"आणि बावन्नवर होता तेव्हा?"

त्यानं जुनी नोंद शोधली. ती सापडली हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. साहेबांनी वाकून स्वतः वाचली. "अकरा." ते सरळ झाले. "मशीन तापलं असेल. पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. काटा चौऱ्याण्णव, वेळ सतरा.

विक्रीवाल्यांपैकी एकानं टाळ्या वाजवलेले हात हळूच टेबलाखाली घेतले. साहेब म्हणाले, "ठीक आहे, हा तपशिलाचा भाग झाला," आणि फोन आल्यासारखे बाहेर गेले. फोन आला नव्हता.

जेवणानंतर सगळ्यांना निरोप आला. 'तपासलं' खुणेचा अधिकार आजपासून तूर्त मीटरवाल्याकडे. बाईंनी तो दोनदा वाचला, डबा धुऊन आणला आणि उरलेला दिवस स्वल्पविराम तपासत बसल्या. पलीकडच्या रांगेत मीटरवाला कानात काही न घालता, कुणाशी न बोलता पडद्याकडे बघत होता.

गुरुवारी सकाळी बाई आल्या तर तो त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलेला.

"मीच केलं," तो म्हणाला.

"काय केलंस?"

"फोटो एकेक करून आत येतात. पूर्वी ज्या कामकऱ्याला फोटो नसायचा तो झोपायचा. हाक आली की उठायचा. झोपलेल्याचे पाट रिकामे दिसायचे, काटा खाली. मला वाटलं, हे आळशी. सगळ्यांना जागं केलं. म्हटलं झोपायचं नाही, फोटो आला का विचारत उभं राहायचं." त्यानं डोकं धरलं. "आता सहा जण दारात उभे राहून विचारतात, आणि खरं काम करणारे दोघं त्या गर्दीतून वाट काढत बसतात. बाई, मी वाटबघ्या लिहिला. एक नाही, सहा लिहिले."

"शहाणी माणसं असलं काही करत नाहीत म्हणालास ना?"

"मारा अजून."

"नाही मारत. चहा घे." त्यांनी स्वतःचा कप त्याच्यापुढं सरकवला. मग का कोण जाणे, आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या मुलाला सांगितलं. चिठ्ठी, बसगाड्या, तीन महिने, ते पत्र. सांगताना त्या सारख्या कीबोर्डवरची धूळ पुसत होत्या.

मीटरवाल्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "त्या लोकांना कळवलं नाहीत कधी?"

"नाही."

"मी त्यांच्या जागी असतो तर मला बरं वाटलं असतं. आपण मूर्ख नव्हतो एवढं तरी कळलं असतं."

बाईंच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आठ वर्षं त्यांना फक्त स्वतःची चूक दिसली होती. तिकडची माणसं स्वतःलाच मूर्ख समजत बसली असतील, हे दिसलंच नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या, "खूण आता तुझी आहे. चार वाजता काय करणार?"

"पहिली ओळ राहू दे. पण बाई, नुसती ओळ कुणी मनावर घेत नाही. मी तुमचा वाटबघ्या बघितला होता, मी मनावर घेतलं का?"

तीन वाजेपर्यंत दोघं एका पडद्यासमोर भांडत होते. चार पाट ठेवायचे का काढायचे यावरून एवढा आवाज चढला की पलीकडच्या रांगेतल्या एका मुलीनं दार नसलेल्या जागेतही दार लावल्याचा अभिनय केला. शेवटी पाट राहिले. पहिल्या ओळीखाली एक छोटं कोष्टक आलं: आधी काटा बावन्न, फोटो अकरा सेकंदात, नंतर काटा चौऱ्याण्णव, फोटो सतरा सेकंदात. आणि त्याखाली मीटरवाल्यानं स्वतः एक वाक्य घातलं: 'हा प्रोग्रॅम आमचाच आहे आणि तो बिघडवणारेही आम्हीच.'

"हे जरा जास्त होतंय," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला पानावर स्वतःचं नाव घालायची सवय नाही म्हणून."

पावणेचारला साहेब आले. पडद्यापुढं उभं राहून त्यांनी पान वाचलं. एकदा सगळं, मग कोष्टक पुन्हा. साहेबही कधीकाळी इंजिनिअर होते, हे त्यांच्या तोंडाकडे बघून त्या दिवशी पहिल्यांदाच पटलं. भुवया जवळ आल्या, ओठ आकडे पुटपुटायला लागले.

"सहा जण दारात?" त्यांनी विचारलं.

"सहा," मीटरवाला म्हणाला.

"तरी मला वाटलंच होतं, पंखा एवढा का घोंगावतोय." साहेबांनी नाकावरून हात फिरवला. "उद्या ते लोक हे पान उघडणार. सगळ्यात आधी हेच उघडणार."

"उघडू देत," बाई म्हणाल्या. "साहेब, त्यांनीही महिनाभरात हेच केलं असतं, आणि दोष आपल्याला दिला असता. आता निदान आधीच हसतील."

"'बिघडवणारेही आम्हीच' एवढं काढता येईल का?"

"येईल. पण मग लोक विचारतील, कुणी बिघडवला. गिऱ्हाईकाला वाटेल आपल्याला म्हणताहेत."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला सात मिनिटं होती. मीटरवाल्याचा हात माउसवर होता आणि तो साहेबांकडे बघत होता.

"माझ्याकडे काय बघतोस?" साहेब म्हणाले. "अधिकार तुला दिलाय ना? मग तो वापर, नाहीतर परत कर. आणि ती 'उत्तम' पाटी आज काढायला वेळ आहे का?"

"पाच मिनिटांचं काम."

"मग बसलायस काय?"

पाटी गेली. हिरवा रंग मात्र राहिला, त्याला वेळ लागला असता. पानावर खूण पडली.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईनं प्रश्नचिन्ह दाबलं, पान वाचलं, आणि कोष्टकाशी येऊन ती एवढी मोठ्यानं हसली की विक्रीवाले दचकले. मग शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाली, "आपल्याकडे हे दोन वर्षं चाललंय." काटा त्यांनी घेतला का नाही, ते ठरायला पुढं बरेच महिने गेले. तो आपला विषय नाही.

साहेबांनी सोमवारी बाईंना बोलावून अधिकार परत देतो म्हणून सांगितलं, पण ते एवढं सोपं नव्हतं. काढायला एक निरोप पुरला होता. परत द्यायला अर्ज, अर्जाला मंजुरी, मंजुरीला यंत्रणा विभाग, आणि यंत्रणा विभागातला माणूस रजेवर. तेवढे तीन आठवडे बाईंनी लिहिलेल्या प्रत्येक पानावर मीटरवाल्याची खूण लागली. खूण करायची म्हणजे वाचायला आलं. अकरा वर्षांत कुठल्याही इंजिनिअरनं बाईंची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली नव्हती, हे बाईंना तेव्हा कळलं. कारण मीटरवाला रोज दहा वाजता स्टूल घेऊन येऊ लागला, आणि त्याला दर पानात काहीतरी खटकू लागलं.

त्याच तीन आठवड्यांत एका दुपारी बाईंनी जुन्या पत्रव्यवहारातून बसगाड्यावाल्यांचा पत्ता काढला आणि चार ओळी लिहिल्या. ते पान मी लिहिलं होतं. त्यात चूक होती, तुमच्यात नव्हती. खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा हात थबकला, कारण कामाच्या कागदाखाली त्यांनी ते कधी लिहिलंच नव्हतं. मग पूर्ण लिहिलं, आडनावासकट, आणि पाठवून दिलं.